आधी दिवा बंद

तपासणीच्या खोलीत ताईने उभा जन्म काढला, पण ती खोली तिने अर्धीच पाहिली. उरलेली अर्धी पडद्यापलीकडे होती.

पलीकडे खिडकी, खिडकीला लागून उंच पलंग, आणि पलंगाच्या उजव्या अंगाला डॉक्टर. अलीकडे एक लाकडी स्टूल, बुटकं टेबल आणि त्यावर ओणवलेली ताई. डॉक्टर हाताने बघायचे, तोंडाने सांगायचे. ताई ऐकायची आणि लिहायची. नवे डॉक्टर स्वतःच बघतात, स्वतःच लिहितात आणि दोन्ही कामं अर्धवट करतात, असं या डॉक्टरांचं मत होतं. "हात कसा हवा? धुतलेला, चोळून ऊबदार केलेला. त्यात एकदा पेन धरलं की तो पोटावर ठेवायच्या लायकीचा राहत नाही," ते म्हणायचे. म्हणून लिहायला वेगळं माणूस, आणि रोग्याला संकोच वाटू नये म्हणून मधे पडदा. त्यावरून तिचं नावच पडलं पडदाताई. खरं नाव हजेरीपटावर तेवढं उरलं.

पडदा जमिनीपासून वीतभर वर होता. त्या फटीतून ताईला पाय दिसायचे. भेगाळलेल्या टाचा, बुटात राहून पांढरेफटक पडलेले तळवे, एका पायात मोजा आणि दुसऱ्यात नाही असे धांदरट पाय. माणूस पलंगावर चढला की तेही जायचे. मग उरायचा तो डॉक्टरांचा आवाज.

आवाज कायम एकाच वाटेने चालायचा. डोळे, जीभ, नखं, मान, छाती, पोट, पाय. बैल जसा घरची वाट विसरत नाही तसा तो ही वाट विसरायचा नाही. आणि या सगळ्याच्या आधी, प्रत्येक माणसाला, न चुकता, 'खट्'. डॉक्टर पलंगावरचा बल्ब बंद करायचे. डोळे बघून झाले की पुन्हा 'खट्', बल्ब चालू. ताईला वाटायचं, माणूस जातिवंत चिक्कू आहे. पलंगावरच्या चादरी बदलणारी मावशी तर उघड म्हणायची, "घरून वीजबिल भरत असल्यासारखा जीव काढतोय बघ." दोघी तोंडावर हात धरून हसायच्या. दिवा का बंद करता, हे ताईने त्यांना कधी विचारलं नाही. रोजची गोष्ट कोण विचारतं?

डॉक्टर सगळं बोटांनी मोजायचे. "यकृत दोन बोटं. मऊ." त्यामुळे त्यांना नाव होतं बोटवाले. रोगीसुद्धा बाहेर बाकावर बसून एकमेकांना विचारायचे, "तुझं किती बोटं भरलं?" जसं काही कापडच मोजून घेतलंय.

नवी होती तेव्हाची गोष्ट. एकदा रांग फार वाढली होती आणि डॉक्टर छातीपाशीच थांबून बाहेर गेले. ताईने कागद पुरा दिसावा म्हणून खाली आपल्या मनानेच लिहून टाकलं, 'बाकी ठीक'. परत आल्यावर डॉक्टरांनी सहीसाठी कागद उचलला आणि जागीच थबकले.

"हे काय?"

"बाकी ठीक."

"बाकी म्हणजे काय काय?"

ताईने पेनाला टोपण लावलं.

"मी पोट पाहिलं?"

"नाही साहेब."

"मग पोट ठीक आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? पोटाने?"

मावशी बादली घेऊन हळूच सटकली. ताईच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, तसा डॉक्टरांचा आवाज खाली आला. "हे बघा ताई. पाहिलं आणि चांगलं निघालं, तर चांगलं लिहा. पाहिलं नसेल, तर 'पाहिलं नाही' लिहा, त्यात कमीपणा नाही. पण 'बाकी ठीक' म्हणजे आळशाची चादर. खाली काय वाट्टेल ते झाकून टाकते. या खोलीत हे दोन शब्द पुन्हा नकोत. माझ्याही तोंडून आले तरी लिहू नका."

तेव्हापासून आले नव्हते. ना त्यांच्या तोंडून, ना तिच्या पेनातून.

पोटाचं नुसतं लिहून भागत नसे, चित्र काढावं लागे. वर बरगड्यांची कमान, दोन्ही अंगांना आत झुकलेल्या दोन रेघा, मधे बेंबीचा ठिपका. मावशी त्याला गाडगं म्हणायची. "आज किती गाडगी घडवलीस गं कुंभारणी?" असं विचारायची. गाडगं रिकामं राहिलं की ताईला हलकं वाटायचं. काही सापडलं तर डॉक्टर सांगतील त्या जागी बारीक तिरप्या रेघा मारायच्या.

असं ऐकून ऐकून तिला शब्दांच्या सोयरिकी कळायला लागल्या होत्या. कुठला शब्द कुणाचा हात धरून येतो आणि दोघं मिळून माणसाला कुठे नेतात, ते. 'डोळे पिवळे' एकटं आलं तर बहुतेक माणूस पथ्यपाणी करून सुधारायचा. 'गोळा, दुखतो' म्हणजे पडद्यापलीकडे आरडाओरडा, डॉक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार; पण हेच शिव्या देणारे पुढे कधीतरी फळांची पिशवी घेऊन दारात उभे राहायचे. भीती एकाच जोडीची होती. 'डोळे पिवळे' आणि थोड्या वेळाने 'गोळा, दुखत नाही'. ते आलं की डॉक्टरांचा आवाज विहिरीत बोलल्यासारखा व्हायचा. ही माणसं मोठ्या इस्पितळात जायची, आणि त्या वीतभर फटीत त्यांचे पाय पुन्हा दिसायचे नाहीत.

ताईचा नवरा रंगारी. लोकांची घरं रंगवायचा. पायाच्या अंगठ्याच्या नखात कायम कुणाच्या तरी भिंतीचा रंग. कितीही घासा, निघायचा नाही. जिभेला मात्र हाड नव्हतं. "मी भिंती रंगवतो, ही माणसं उतरवून घेते," तो लोकांना सांगायचा, "पण हिचं काम सोपं. दुसरा हात मारावा लागत नाही." ताई कामावरून आली की विचारायचा, "आज कोण किती बोटं?" ती म्हणायची, "तुमची जीभ मोजली तर हात पुरायचा नाही."

घर म्हणजे आतबाहेर दोन खोल्या. आतल्या खोलीला खिडकी नव्हती, भिंतीला भिंत लागून. जेवण तिथेच, बल्बच्या उजेडात. रंगारी उजाडायच्या आत बाहेर पडायचा आणि अंधार पडल्यावर परतायचा. कधी गिऱ्हाईकासाठी रंगांच्या पट्ट्या आणल्या तर ताई कौतुकाने हातात घ्यायची, तर तो काढून घ्यायचा. "दिव्याखाली रंग बघू नये गं. दिवा लबाड असतो. सकाळी बघ." सकाळी ती बघायचं विसरायची.

आधी त्याची भूक गेली.

"ताटात काय ठेवता हल्ली? उष्टं घालायला कुत्रं पाळलंय का कुणी?"

"तू वाढतेस डोंगर. मी काय हत्ती आहे?"

मग खाज सुटली. रात्रंदिवस, पाठीला, हाताला, पोटऱ्यांना. सालटी निघेपर्यंत खाजवायचा.

"टर्पेंटाइन उलटलंय," तो म्हणाला.

"इतकी वर्षं नाही उलटलं ते?"

"बायको उलटते इतक्या वर्षांनी, टर्पेंटाइनचं काय?"

मग एक दिवस ताईने पाहिलं, कमरेला सुतळी.

"पट्टा कुठाय?"

"पट्टा लठ्ठ झालाय. बसत नाही मला."

ती हसली. हसता हसता तिने विचारलं, "कुठे दुखतंबिखतं का हो?" तो म्हणाला, "कुठेच नाही." आणि ताई, जिने आयुष्यभर दुखणी लिहिली, तीच म्हणाली, "दुखत नाही ना? मग झालं तर."

परगावी नोकरीला असलेली लेक सुट्टी काढून आली आणि बापाला बघून दारातच उभी राहिली. त्या दिवशी काम नसल्याने रंगारी बाहेर पायरीवर बसून ब्रश धूत होता.

"आई, बाबा अर्धे झालेत. आणि वर्ण बघ कसा झालाय. जुन्या कागदासारखा."

"उन्हातलं काम त्यांचं. तू किती दिवसांनी बघतेस, म्हणून वाटतं तसं."

"तू रोज बघतेस, म्हणून तुला वाटत नाही," लेक म्हणाली. मग बॅग खाली ठेवत, जरा तोडूनच, "दवाखान्यात काम करतेस ना गं तू?"

ते वाक्य ताईला लागलं. दुसऱ्या दिवशी ती त्याला घेऊनच कामावर आली. डॉक्टरांना आधी सांगता आलं असतं. पण आपल्या माणसाला मागल्या दाराने घुसवलं असं कुणी म्हणायला नको, म्हणून त्याला रांगेत बसवलं, नंबर घ्यायला लावला, आणि आपण जाऊन स्टुलावर बसली. आजही कागद लिहायचेच होते. पाय आले, पाय गेले. आणि मग फटीत तो अंगठा आला. नखात निळा रंग. कुणाच्या तरी बाळाच्या खोलीचा.

"नमस्कार साहेब," पलीकडून आवाज आला. "आमची मंडळी पडद्याआड असतात म्हणे. आज आम्हीच पडद्याआड."

"तुम्हीच का रंगारी?" डॉक्टर हसले. "काय ताई, आधी बोलायचं नाही?"

"रांगेतनं आलेत साहेब."

"बरं. चढा वर. हात गार नाही माझा, घाबरू नका." मग थोडं थांबून, "ताई, आज तुम्ही बाहेर बसता का? लिहायला दुसरं कुणी बोलावतो."

"नको साहेब. दुसऱ्याचं अक्षर आवडायचं नाही त्यांना."

रंगारी खदखदून हसला. पलंग करकरला. पाय गेले.

खट्.

"खाली बघा. जमिनीकडे. असं." खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. "डोळे पिवळे," डॉक्टर म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "गर्द."

ताईने लिहिलं. 'डोळे पिवळे'. हात सरावाचा, अक्षर वळणदार. लिहून झाल्यावर तिला कळलं की आपण काय लिहिलं.

हे दोन शब्द तिने किती कागदांवर लिहिले असतील त्याला गणती नव्हती. पण पिवळा डोळा तिने कधी पाहिलाच नव्हता. त्या अर्ध्या खोलीत ती कधी गेलीच नव्हती. कसा दिसतो, किती पिवळा, कुठून सुरू होतो, काही ठाऊक नाही. हाच डोळा रोज तिच्या समोर ताटावर बसत होता, बल्बच्या पिवळ्या उजेडात, तिच्याकडे बघून हसत होता. आणि डॉक्टर प्रत्येक माणसाला आधी दिवा बंद का करायचे, ते तिला आज, या स्टुलावर, एवढ्या वर्षांनी समजलं. पिवळ्या दिव्याखाली पिवळं दिसत नाही. नवरा तेच सांगत होता, रंगांच्या पट्ट्या हातातून काढून घेताना. दोन्हीकडे दोन माणसं तिला एकच गोष्ट सांगत होती आणि ती मधे बसून हसत होती.

खट्. दिवा लागला.

"जीभ. कोरडी. नखं ठीक. मानेत गाठी नाहीत. छाती स्वच्छ." आवाज आपल्या वाटेने चालला होता. "अंगावर सगळीकडे खाजवल्याचे ओरखडे." ताईचं पेन मागोमाग चाललं होतं. ती देवाला काही मागत नव्हती. ती फक्त एका शब्दाची वाट बघत होती, तो येऊ नये म्हणून.

"गुडघे वर घ्या. तोंड उघडं ठेवून श्वास घ्या. अंग सैल सोडा."

"सैलच आहे साहेब. सुतळीनं धरून ठेवलंय."

डॉक्टर हसले नाहीत. मग, "इथे दुखतं?"

"नाही."

"आता दाबतोय हं."

"दाबा की! काही दुखत नाही," रंगारी अभिमानाने म्हणाला. परीक्षेत पहिला आल्यासारखा. "आमच्या हिला विचारा, माझं कधी डोकंसुद्धा दुखत नाही. दुखतं ते तिचंच, माझ्यापायी."

पेन टेकलेलं होतं, तिथे शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"पोट," डॉक्टर म्हणाले, आणि थांबले. एरवी या वाटेवर ते कधी थांबायचे नाहीत. पडद्याचं कापड वाऱ्याने थोडं आत आलं, पुन्हा मागे गेलं. मग ते हळूच म्हणाले, "बाकी ठीक."

ताईच्या हाताने 'बा' लिहिला. खोटं कशाला बोला, तिला पुढचंही लिहायचं होतं. एवढ्या वर्षांत या माणसाने कुणाला उसनी दिली नव्हती ती चादर तो आज तिच्या अंगावर घालत होता. घ्यावी, अंगाभोवती लपेटावी, घरी जावं, ताट वाढावं, दोन शिव्या खाव्यात. गाडगं रिकामं राहील.

पण कागद इथे राहणार नव्हता. तो मोठ्या इस्पितळात जाणार होता. तिथल्या खिडकीतला माणूस रोग्याचं तोंड बघत नाही, कागद बघतो. नुसते पिवळे डोळे असले तर, जा, पथ्य करा, पुढच्या महिन्यात या. गोळा असला तर आत, आजच्या आज. डॉक्टर फोनवर त्या खिडकीच्या नावाने किती वेळा करवादले होते, ते तिने इथेच बसून ऐकलं होतं. पुढचा महिना. बाकी ठीक म्हणजे पुढचा महिना.

"साहेब," ती म्हणाली, "पोट राहिलं."

"ताई, ते मी मागाहून..."

"माझ्याही तोंडून आलं तरी लिहू नका, म्हणाला होतात."

मग रंगारीच बोलला. "काय गं, काय झालं माझ्या पोटाला?"

"तुम्ही पडून राहा बघू. तोंडाने श्वास घ्या."

"घरी पण हुकूम, इथे पण हुकूम," तो पुटपुटला.

डॉक्टरांनी घसा साफ केला. आणि मग आवाज आला तो विहिरीतूनच आला, पण आपल्या वाटेवर परत आला. "उजव्या बरगडीखाली गोळा. लिंबापेक्षा मोठा. गुळगुळीत. श्वासाबरोबर खाली येतो."

ताई थांबून राहिली. अजून एक शब्द यायचा होता. तो तिने घरी, डॉक्टरांच्याही आधी, स्वतःच्या कानांनी ऐकला होता.

"दुखत नाही," डॉक्टर म्हणाले.

तिने 'बा' खोडला. लिहिलं. मग गाडगं काढायला घेतलं. बरगड्यांची कमान, दोन रेघा, बेंबीचा ठिपका. आजवर काढलेलं प्रत्येक गाडगं कुणाचंही असू शकत होतं. हे एकट्याचं होतं; याच्या डाव्या अंगाला शिडीवरून पडल्याची जुनी खूण होती, ती तिला पडद्याआडूनही माहीत होती. ती काढायची पद्धत नव्हती, म्हणून तिने काढली नाही. उजव्या कमानीखाली बारीक तिरप्या रेघा मारल्या. एकही रेघ दुसरीत गेली नाही.

"पाय, साहेब," तिनेच आठवण केली.

"पायांवर सूज नाही."

तेही तिने लिहिलं. चांगलं होतं, म्हणून चांगलं लिहिलं.

डॉक्टर सहीसाठी नेहमी कागद पडद्यावरून मागायचे. आज ते स्वतः अलीकडे आले. ओले हात पुसत, तिच्या डोक्यावर उभे. सही करून म्हणाले, "मी फोन करतो. आजच जा. आताच." आणखी काही म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना त्या कामाची सवय नव्हती. मावशी बादली टेकवून दाराशी उभी होती. तिनेही गाडग्याचं विचारलं नाही.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दवाखान्याच्या पायरीवर ताईने नवऱ्याला बसवलं आणि त्याच्यासमोर खालच्या पायरीवर उभी राहिली.

"खाली बघा. जमिनीकडे."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत."

तिने अंगठ्याने त्याची पापणी वर उचलली. डॉक्टर कशी उचलायचे ते तिने पाहिलं नव्हतं, तरी उचलली. आणि पाहिलं. आधी हा डोळा, मग तो. उन्हाने त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तो हलला नाही.

"कुठला रंग आहे?" त्याने विचारलं. "सांग, मी नाव सांगतो."

ताईने पुन्हा एकदा पाहिलं. "तुम्ही मागे त्या शाळेच्या व्हरांड्याला दिला होतात ना, तो."

"अरेच्चा, तो होय," रंगारी म्हणाला. "तो उन्हात टिकत नाही. तेव्हाच सांगितलं होतं मी त्या हेडमास्तरला."

तिने पापणी सोडली. त्याने बाहीने डोळे पुसले, कमरेची सुतळी सोडून पुन्हा घट्ट बांधली. मग तिच्या हातातल्या घडी केलेल्या कागदाकडे हनुवटीने खूण केली.

"काय लिहिलंस?"

"दुखत नाही, असं लिहिलंय."

"हं." तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "तुझं पेन मधेच थांबलं होतं. ऐकू येत होतं मला."

ताईने मान हलवली. आता लपवायला चादर नव्हती.

रंगारी तिच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. फार भार पडला नाही. भार उरलाच नव्हता.

"चल तर," तो म्हणाला. "दुखत नाही तोवर पोचून घेऊ."